काठीची माया

पुणेकराला ‘पूल’ म्हटले की लकडी पूल आठवतो आणि दादरकराला टिळक पूल. पण आताशा घरातला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा रविवारी सकाळी केसांवरून कंगवा फिरवीत ‘मी पूलला जाऊन येतो’ म्हणाला, तर मातोश्रींनी नदीला पाणी किती आहे अशी चौकशी करू नये. त्याचा पूल नदीवर नसतो. तो हिरव्या किंवा निळ्या बनातीच्या टेबलावर असतो, आणि त्याच्याखालून वाहतात ते रंगीत चेंडू. वाहतात आणि सहा भोकांपैकी एखाद्यात, नशीब असेल तर, नाहीसे होतात.

एरवी या सदराला दीड पान मिळते. दिवाळी अंकात संपादक हात जरा सैल सोडतात, म्हणून वर्षभर मनात घोळत असलेला एक विषय आज फराळाबरोबर वाढतो. गेल्या वर्षात माझ्या परिचयाच्या तीन घरांत या खेळावरून वाद झाला. निमित्त एकच, खेळायची काठी. इंग्रजीत तिला क्यू म्हणतात, मुले स्टिक म्हणतात. एका घरी मुलाने स्वतःची काठी मागितली तेव्हा वडील म्हणाले, “क्लबात काठ्या फुकट मिळतात ना? मग काही हजार रुपये घालून स्वतःची कशाला? आमच्या घरात काठी एकच होती, वाळत घालायची!” दुसऱ्या घरी आई म्हणाली, “काठीचे राहू दे. तो अड्डा आहे, तिथे जाणेच बंद.” तिसऱ्या घरी मात्र आजोबांनी कोणी मागण्याआधीच नातीच्या हातात काठी दिली, आणि खरा पेच पडला तो तिथेच.

आधी अड्ड्याचे पाहू. कारण ही शंका मनात असली की पुढचे बोलणे कानांवरून जाते.

‘पूल’ हे नाव फारसे सोवळे नाही, हे कबूल केले पाहिजे. इंग्रजीत पूल म्हणजे अनेकांनी मिळून जमवलेली पैजेची रक्कम. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याच्या जागांना पूलरूम म्हणत. दोन शर्यतींच्या मधल्या वेळात गिऱ्हाईक उठून जाऊ नये म्हणून मालकांनी तिथे बिलियर्डची टेबले मांडली. पुढे शर्यतींचा जुगार तिथून हलला, टेबले राहिली, आणि जागेचे नाव टेबलाला चिकटले. थोडक्यात, ही बदनामी खेळाची स्वतःची कमाई नव्हे. शेजारामुळे आलेली आहे.

त्याच्या घराण्यातल्या इतर मंडळींकडे पाहावे तर ती चांगली खानदानी आहेत. स्नूकर तर जन्माने आपल्या देशातला. १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने जुन्या खेळात आणखी रंगीत चेंडू घातले आणि हा खेळ जन्मला, असे मानतात. (पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले ते चेंबरलेन निराळे.) त्याचे नियम पुढे १८८२ साली उटकमंडच्या क्लबात लिहून लावले गेले. आणि बिलियर्डचे म्हणाल, तर १९२२ साली पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्याला हौशी खेळाडूंचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा जिंकले. क्रिकेटची बारीकसारीक आकडेवारी तोंडपाठ असलेल्या आपल्या घरांतून हे नाव किती मुलांना ठाऊक आहे, ते या सुटीत विचारून पाहा.

मुंबईचे मायकेल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ असे तीनदा हौशी जगज्जेते झाले. क्रिकेटमधल्या पराक्रमाला पद्मभूषण आणि आपल्या खेळातल्या जगज्जेतेपदाला पद्मश्री, हा भेद न पटून त्यांनी पद्मश्री नाकारली होती. १९८३ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आणि ज्याच्या नावावर बिलियर्ड आणि स्नूकर मिळून पंचवीसहून अधिक जागतिक अजिंक्यपदे आहेत, तो पंकज अडवाणी वाढला बंगळूरला, पण जन्मला १९८५ साली पुण्यातच. तेव्हा हा खेळ परका, ही समजूत निदान पुणेकरांनी तरी सोडावी.

म्हणून अड्ड्याची भीती खोटी असे मात्र मी म्हणणार नाही. जुगार टेबलात नसतो, टेबलाभोवतीच्या माणसांत असतो. यावर उपाय सोपा आहे. मुलाला ‘जाऊ नकोस’ म्हणण्याआधी वडिलांनी एकदा त्याच्याबरोबर जाऊन तासभर बाकावर बसावे. टेबलावर दिव्याचा उजेड नीट पडतो का, बनात झाडलेली असते का, शाळा-कॉलेजच्या वेळात पोरे तिथे घोटाळतात का, आणि हरणारा माणूस खिशात हात घालतो का, या चार गोष्टी पाहाव्यात. शेवटची दिसली तर मुलाचा हात धरून बाहेर यावे. न दिसली तर चहा मागवावा.

आता पहिल्या घरच्या वडिलांकडे येतो. ‘क्लबात काठी फुकट मिळत असताना स्वतःची कशाला?’ याचे उत्तर द्यायचे तर हा खेळ कसा खेळतात ते थोडे सांगावे लागेल.

माझा या खेळाशी संबंध वीस वर्षांचा. प्रगती विचाराल तर बेताची. आमच्या जिमखान्यात एक वयस्क मार्कर आहेत. मार्कर म्हणजे पूर्वीपासून आपल्या क्लबांतून टेबलाची देखभाल करणारा, गुण मांडणारा आणि साहेबलोकांना न दुखवता शिकवणारा माणूस. आम्ही सारे त्यांना मास्तर म्हणतो. नव्या माणसाला मास्तर पहिला धडा देतात तो पूल बांधण्याचा. थट्टा नव्हे. डावा हात बनातीवर टेकून अंगठा आणि बोटे यांच्यामध्ये काठीला जी खाच करून द्यायची, तिचे इंग्रजी नाव ब्रिज. म्हणजे पूलच्या खेळात पहिले काम पूल बांधण्याचे. आणि सरकारी बांधकाम खात्याप्रमाणेच इथेही पूल हलला की वरचे सारे कोसळते.

दुसरा धडा त्याहून साधा. पांढरा चेंडू एका कडेजवळ मध्यावर ठेवायचा, समोरच्या कडेवर सरळ मारायचा, आणि तो परत येऊन आपल्या काठीच्या टोकाला लागला पाहिजे. बस्स. ऐकायला हे पोरखेळ वाटते. पण काठी केसभर उजवीकडे लागली तर चेंडूला तिरकी फिरकी मिळते आणि परत येताना तो दुसऱ्याच गावाला निघून जातो. टेबल नऊ फूट लांब, साडेचार फूट रुंद. एवढ्या अंतरात केसाची वीत होते. मास्तर नव्या मुलाला महिनाभर दुसरे काही मारू देत नाहीत. निम्मी मुले या महिन्यात पळतात.

जी उरतात त्यांना मग खेळातली खरी गंमत कळू लागते. पूलचे प्रकार पुष्कळ, पण आपल्याकडे अधिक चालतो तो आठ नंबरचा खेळ. पंधरा चेंडू. एक ते सात अंगभर रंगाचे, नऊ ते पंधरा पट्ट्यांचे. एकाने पहिले सात घालवायचे, दुसऱ्याने दुसरे सात, आणि आपले संपल्यावर काळा आठ नंबर घालवील तो जिंकला. आठ नंबर मध्येच चुकून भोकात गेला तर डाव तिथेच हरला. कॅरममध्ये राणी घेतल्यावर कव्हर करावे लागते, तसाच हा काळा आठ नंबर. पण कॅरममध्ये आणि यात एक मोठा फरक आहे. कॅरममध्ये स्ट्रायकर दर खेपेला आपण हवा तिथे रेषेवर ठेवतो. इथे पांढरा चेंडू जिथे थांबला तिथूनच पुढचा फटका मारायचा. म्हणून रंगीत चेंडू भोकात घालणे हे अर्धेच काम. पांढरा कुठे जाऊन थांबतो ते उरलेले अर्धे, आणि तेच अवघड.

त्याचेही काही नियम आहेत, आणि ते मनोगताइतके गूढ नाहीत. पांढरा चेंडू न गडगडता, न फिरता, नुसता घसरत जाऊन दुसऱ्यावर आपटला, तर टक्कर होताच तो रंगीत चेंडूच्या वाटेशी काटकोन करून निघतो. तोच गडगडत जाऊन साधारण अर्ध्या अंगावर लागला, तर आपल्या मूळ वाटेपासून सुमारे ३० अंश वळतो. काठी मध्याच्या वर लावली तर आपटल्यावर तो पुढे धावतो, खाली लावली तर मागे येतो. खरी मेख अशी की बनातीच्या घर्षणामुळे घसरणारा चेंडू थोड्या अंतरानंतर आपोआप गडगडू लागतो. म्हणून लांबच्या चेंडूवर काटकोन साधायचा असेल तर काठी मध्याच्या थोडी खालीच लावावी लागते. किती खाली? ते पुस्तक सांगू शकत नाही, हात सांगतो. आणि हाताला ते सांगता यावे म्हणून सराव.

डावपेच म्हणाल तर आमच्या मास्तरांचे सूत्र गृहिणींना चटकन पटेल असे आहे. ते म्हणतात, “हिशेब तीस तारखेपासून मांडा.” म्हणजे आधी आठ नंबर कुठे आहे ते पाहायचे. तो कोणत्या भोकात जाईल, त्यासाठी पांढरा कुठे हवा, तिथे पांढरा आणून सोडील असा आपला शेवटचा चेंडू कोणता, तो मनात राखून ठेवायचा. आणि असे मागे मागे येत आज काय मारायचे ते ठरवायचे. नवशिका समोर दिसेल तो सोपा चेंडू आधी घालतो, पगाराच्या दिवशी खरेदी करावी तसा. आणि महिनाअखेरीस हातात एकच चेंडू उरतो, तोही दुसऱ्या दोघांच्या कुशीत अडकलेला. अडकलेले घोळके सोडवायचे ते सुरुवातीला, हातात सोपे चेंडू शिल्लक असताना. आणि घालण्यासारखे काहीच नसेल, तर पांढरा अशा आडोशाला नेऊन ठेवायचा की समोरच्याला आपला चेंडू दिसूच नये. याला भित्रेपणा म्हणणारे पुष्कळ आहेत. ते सहसा हरतात.

सरावाविषयी एकच गोष्ट सांगतो. बहुतेक मंडळी सराव म्हणून जे करतात ते असते मनोरंजन. जे फटके येतात तेच मारीत बसायचे. कानाला टक् असा गोड आवाज येतो, बरे वाटते. खरा सराव करणारा जो फटका येत नाही तो शोधून काढतो, चेंडूंच्या जागा खडूच्या ठिपक्यांनी ठरवून घेतो, एकच फटका वीसदा मारतो आणि किती साधले ते वहीत टिपून ठेवतो. १९५४ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड या गावी विली मॉस्कोनी याने एकही न चुकता ओळीने ५२६ चेंडू घातले. तो आकडा साठ वर्षांहून अधिक काळ कोणाला ओलांडता आला नाही. २०१९ साली जॉन श्मिट याने ६२६ घातले, तेही महिनोन्‌महिने याच एका ध्यासाने टेबलाला चिकटून राहिल्यावर. आणि २०२२ साली जेसन शॉ याने सातशेचा टप्पा ओलांडला. असले आकडे वाचून आपण दिपून जातो. पण मला त्यांत दिसते ते हे, की त्यातला प्रत्येक चेंडू वेगळा, तरी प्रत्येकाला लागलेला हात मात्र तोच होता.

आणि इथेच काठीचा प्रश्न येतो. हात तोच राहायचा तर हातातली वस्तूही तीच राहायला नको का?

क्लबातली फुकट काठी घ्या. काल एक उचललीत, आज ती दुसऱ्याच्या हातात. उरलेली आज घेतलीत ती चिमूटभर जड, परवाची किंचित वाकडी, तेरवाची टिप फुगून भुईछत्रीसारखी झालेली. पूलच्या काठीचे वजन साधारणपणे १८ ते २१ औंस, म्हणजे सुमारे ५१० ते ६०० ग्रॅम. फरक चिमटीएवढाच, पण फटका चुकला तर दोष हाताचा की काठीचा, हे कळायला मार्ग उरत नाही. आणि ज्याला आपली चूक कुठे झाली हे कळत नाही, तो वीस वर्षे खेळला तरी पहिल्याच वर्षात राहतो. स्वतःची काठी असण्याचा खरा फायदा हा, की सबबी संपतात.

तीही भारी असली पाहिजे असे नाही. काठीचा जीव असतो तो टोकाला, चामड्याच्या त्या इवल्याशा टिपेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मँगो नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने तुरुंगवासात असताना काठीला चामड्याचे टोक बसवण्याची युक्ती काढली, अशी हकीकत सांगतात. त्याआधी नुसते लाकूड चेंडूवरून निसटायचे. फिरकी देणे जमतच नसे. चामडे निसटू नये म्हणून त्याला खडू लावतात. आज जो निळा खडू मिळतो त्यात खरे म्हणजे खडू नसतोच; विल्यम स्पिंक्स हा खेळाडू आणि विल्यम हॉस्किन्स हा रसायनज्ञ यांनी १८९७ साली पेटंट घेतलेले ते खरखरीत खनिजांचे मिश्रण आहे. चेंडूंची कथा आणखी मोठी. पूर्वी ते हस्तिदंताचे असत, आणि आपल्या करमणुकीपायी हत्ती मरत. १८६० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या कारखानदारांनी दुसरा पदार्थ शोधणाऱ्याला १०,००० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. जॉन वेस्ली हयात त्या मागे लागला आणि त्यातून सेल्युलॉइड निघाले, ज्याच्या पट्टीवर पुढे अवघा सिनेमा उभा राहिला. बनातीवरच्या खेळाने जगाला काय काय दिले पाहा.

तेव्हा पहिल्या घरच्या वडिलांना माझे उत्तर असे: मुलगा तो पहिला कंटाळवाणा महिना टिकला असेल तर काठी जरूर घ्या. मध्यम किमतीची घ्या. एक डोळा मिटून तिच्या अंगावरून बंदुकीच्या नळीवरून पाहावे तसे पाहा. सरळ असली की झाले. वरच्या नक्षीला पैसे मोजू नका, चेंडूला नक्षी दिसत नाही. आणि ती सांभाळण्याची जबाबदारी मुलावर टाका. भिंतीला तिरकी टेकून ठेवायची नाही, वाकते. उन्हात मोटारीत विसरायची नाही. पावसाळ्यात कोरड्या फडक्याने पुसून पेटीत घालायची. ज्या मुलाला स्वतःचा टॉवेल दोरीवर टाकायला तीनदा सांगावे लागते, तो काठी न सांगता पुसतो, हा चमत्कार मी पाहिलेला आहे.

या पुसण्यातूनच माया जडते. आणि तिचेही रंग असतात. स्कॉटलंडच्या स्टीफन हेंड्रीने १९९० ते १९९९ या काळात स्नूकरची सात जागतिक अजिंक्यपदे मिळवली ती पोरवयात घेतलेल्या एका साध्या, स्वस्त काठीवर. २००३ साली विमानप्रवासात ती मोडली, दुरुस्तीपलीकडे. नव्या काठीनेही तो स्पर्धा जिंकला; पण त्यानंतर त्याला जागतिक अजिंक्यपद काही मिळाले नाही. ते काठीमुळे की वयामुळे, यावर लोक अजून वाद घालतात. मी तो घालणार नाही. मला सांगायचे आहे ते तिसऱ्या घरचे.

त्या घरचे आजोबा माझे स्नेही. बँकेतून निवृत्त झालेले. १९८६ साली बोनस हाती आला तेव्हा त्यांनी ॲश लाकडाची एक काठी घेतली. त्यांच्या पत्नी तिला ‘माझी सवत’ म्हणत, आणि सवतीवर येत नसेल एवढा राग तिच्यावर काढीत. पस्तीस वर्षे त्यांनी दुसरी काठी हातात धरली नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. चालू-बोलू लागले, पण उजव्या हाताची पकड परत आली नाही. त्या वर्षीच्या पाडव्याला त्यांनी ती काठी सोळा वर्षांच्या नातीच्या हातात दिली. मुलगी आधीच आमच्याकडे खेळत होती. मास्तरांच्या मते चांगला हात होता. रविवारी आजोबा बाकावर बसत, आणि नात त्यांच्या काठीने खेळे. पाहणाऱ्यांचे डोळे भरून येत.

पण खेळ बिघडत चालला. काठी २१ औंसांची, तोल पुढच्या बाजूला, पकड भरलेल्या पंजाची. मुलीचा हात लहान. चार महिन्यांनी एका बुधवारी संध्याकाळी मी सहज गेलो, तर ती एकटी क्लबाच्या फुकट काठीने सराव करीत होती, आणि झकास खेळत होती. मला पाहून दचकली.

“काका, आबांना सांगू नका हं.”

“अगं, पण त्यांनाच सांग की, जड होते म्हणून.”

“कसं सांगू? ती काठी हातात घेतली की मला चेंडू दिसतच नाही. आबांचा हात दिसतो. दर वेळी वाटतं, आपला नाही, त्यांचा फटका चुकला.” मग थोडे थांबून म्हणाली, “त्यापेक्षा खेळच सोडते. अभ्यासाचं कारण सांगता येईल.”

मी मास्तरांच्या कानावर घातले. मास्तर काही बोलले नाहीत. रविवारी मुलगी तीन सोपे चेंडू ओळीने चुकली तेव्हा ते बाकाजवळ गेले आणि अदबीने म्हणाले, “साहेब, रागावू नका. ही काठी तुमच्या हाताला झिजलेली आहे. ताईंना ती जड जाते. त्या ती खेळासाठी धरीत नाहीत, तुमच्यासाठी धरतात.”

स्नेही त्या दिवशी चहा न घेता घरी गेले. दोन रविवार आलेच नाहीत. आम्हांला वाटले, संपले. तिसऱ्या रविवारी नातीचा आधार घेत आले आणि मास्तरांना म्हणाले, “मास्तर, मला वाटलं होतं, हात गेला तरी काठी टेबलावर राहील. म्हणजे मीही थोडा राहीन. पण पोरीला त्याचं ओझं कशाला?” मग त्यांनी दुकानातून आणवलेल्या सहा काठ्या टेबलावर मांडल्या, किमतीच्या चिठ्ठ्या काढून. मुलीने तासभर एकेक मारून पाहिली आणि एक निवडली. ती निघाली सहांतली सर्वांत स्वस्ताच्या वरची. आजोबांनी स्वतःची काठी मास्तरांपुढे धरली. “हिला नवी टिप बसवा.” मास्तरांनी विचारले नाही, कोणासाठी. बसवून दिली. आता रविवारी बाकावर ते ती मांडीवर घेऊन बसतात आणि डाव्या हाताने पुसतात. नातीचा फटका साधला की काठीचा बुंधा जमिनीवर हलकेच आपटतात; बनातीच्या खेळात शाबासकी देतात ती अशी. मुलगी पुढे फार मोठी खेळाडू होईल की नाही कोण जाणे. पण ती खेळते आहे.

या गोष्टीवरून मला पटले ते असे. काठी वारशाने देता येते, माया येत नाही. ज्याची त्याला ती रोजच्या पुसण्यातून, चुकलेल्या फटक्यांतून, वहीतल्या आकड्यांतून मिळवावी लागते. आणि हे काही काठीपुरतेच नाही. घरोघरी माळ्यावर कुठे वडिलांची पेटी असते, कुठे काकांचा कॅमेरा, कुठे आजीचे शिवणयंत्र. आपल्याला वाटते, मुलांनी ते चालवावे म्हणजे आपले माणूस चालते राहील. मुलांना ते मनापासून हवे असेल तर आनंदच आहे. पण एकदा विचारावे. मुले आपल्याला दुखवायला नको म्हणून जड काठी निमूट उचलतात, आणि एक दिवस अभ्यासाचे कारण सांगून खेळ सोडतात.

तेव्हा या दिवाळीत, वाचकहो, लाडू-चकल्यांच्या ताटांच्या कडेने घरातल्या पोरांना एवढेच विचारा, की बाबा रे, तुला हाताला काय बसते? उत्तर ऐकून घ्या, मग पाकीट काढा. दोन पिढ्यांच्या मधला पूलही त्या डाव्या हाताच्या पुलासारखाच असतो. फार आवळून धरला तर काठी पुढे सरकत नाही, फार सैल सोडला तर नेम चुकतो.

दीपावली आपणां सर्वांना सुखाची जावो. पुढच्या अंकात नेहमीच्या पानावर, नेहमीच्या दीड पानात, भेटूच.